ॲग्रीमेंट नाही आणि डिपॉझिट अडकलंय? कोकणात भाड्याने राहणाऱ्या नवख्यांसाठी

मी मूळचा कराडचा. नोकरीसाठी कुडाळला आलो तेव्हा एका सहकाऱ्याच्या ओळखीने चिऱ्याचं, कौलारू, दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळालं. मालक डोंबिवलीला, किल्ली शेजारच्या काकांकडे. 30,000 रुपये डिपॉझिट ठरलं. 20,000 गूगल पे केले आणि 10,000 काकांसमोर रोख मोजून दिले. कागद एकही झाला नाही. "ओळखीतलाच माणूस आहे" हे वाक्य दोन्ही बाजूंनी म्हटलं गेलं आणि विषय तिथेच मिटला.

तीन वर्षांनी घर सोडलं आणि डिपॉझिट हातात यायला पुढे साडेनऊ महिने गेले. त्यानंतर ऑफिसात बदलून येणारी मुलं, एमआयडीसीतले कामगार, हॉस्पिटलातल्या सिस्टर असे बरेच जण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतोय. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाला भेटाच. पण वकिलापर्यंत जायच्या आधीच निम्मी लढाई झालेली असते आणि ती तुमच्या फोनमध्ये असते.

पैसे नक्की कोणाला दिलेत?

प्रश्न बावळट वाटेल, पण कोकणात पहिली गाठ इथेच बसते. घर आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सात नावं, घरपट्टी मोठ्या काकांच्या नावाने, वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावाने, आणि भाडं घेतो धाकटा भाऊ. घर सोडताना मोठा भाऊ म्हणतो, "मला काही माहीत नाही, त्याला विचार." धाकटा म्हणतो, "दादाला विचारून सांगतो."

या भावकीत तुम्ही पडू नका. ज्याने डिपॉझिट घेतलं आणि ज्याला दर महिन्याला भाडं जात होतं, तो तुमचा माणूस. मागणी त्याच्याकडेच करायची. तरीही ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत घरपट्टी कोणाच्या नावाने आहे ते विचारून ठेवा. उद्या नोटीस पाठवायची वेळ आली तर दोघांनाही पाठवता येते.

डिपॉझिट एजंटाच्या हातात दिलं असेल तर आजच मालकाला मेसेज टाका: "एजंटमार्फत दिलेले डिपॉझिटचे अमुक रुपये तुम्हाला पोचले ना?" घर सोडायच्या दिवशी एजंटाचा फोन लागत नाही. मध्येच घर विकलं गेलं असेल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही मालकांकडून डिपॉझिट आता कोणाकडे आहे ते लिहून घ्या.

कागद नाही, पण पुरावा असतो

तोंडी व्यवहार म्हणजे पैसे बुडाले, असं समजून बरेच जण गप्प बसतात. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये कलम 55 आहे. त्याप्रमाणे भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्स का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, आणि ते चूक आहे हे दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं.

मात्र हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही, त्याच्या अनुसूचीतल्या भागांनाच लागू आहे. तुमचं शहर किंवा गाव त्यात येतं का, हे वकिलाला पहिल्या भेटीत विचारा. येत नसेल तरी तुम्ही दिलेले पैसे तुमचेच राहतात, फक्त ते दिल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी हे जमवा.

बँकेचं स्टेटमेंट, डिपॉझिट दिलं त्या महिन्यापासूनचं. यूपीआय ॲपमधला इतिहास पुरेसा धरू नका, फोन बदलला की तो सापडतोच असं नाही. बँकेतून शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या. डिपॉझिटची मोठी रक्कम आणि त्यानंतर दर महिन्याला त्याच माणसाला गेलेली सारखी रक्कम, एवढं पाहिलं की कोणालाही चित्र कळतं.

रोख दिले असतील तर त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी एटीएममधून काढल्याची नोंद शोधा. समोर कोण होतं ते आठवा. माझ्या बाबतीत काका होते, आणि शेवटी तेच उपयोगी पडले.

मग तुम्ही तिथे राहत होता हे दाखवणारं काहीही: महावितरणची तुम्ही भरलेली बिलं, गॅस सिलिंडरच्या पावत्या, त्या पत्त्यावर आलेली पार्सलं, मालकाने पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर त्या फॉर्मची प्रत. घर घेताना झालेलं चॅटही शोधा. "20 पाठवलेत, बाकी उद्या" असा एक जुना मेसेज हजार शपथांना भारी पडतो. ते चॅट ईमेलवर एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू असेल तर आत्ता बंद करा. जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

एक साधा मेसेज

सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. आणि घर सोडायच्या महिनाभर आधी करा, संबंध गोड असताना.

मी पाठवलेला मेसेज असा होता:

"दादा, नमस्कार. मी 31 जुलैला घर सोडतोय. 2019 च्या मे महिन्यात तुम्हाला डिपॉझिटचे 30,000 दिले होते, 20,000 गूगल पे आणि 10,000 काकांसमोर रोख. जुलैचं भाडं 5 तारखेला पाठवलंय. तुम्ही कधी येताय ते कळवा, म्हणजे घर दाखवून, हिशोब करून किल्ली देतो."

त्यांचं उत्तर: "हो, आहेत लक्षात. गणपतीत येतो तेव्हा बघू."

"आहेत लक्षात" या दोन शब्दांनी मला वाचवलं. रोख दिलेल्या 10,000 चा तोवर एकही लेखी पुरावा माझ्याकडे नव्हता.

मेसेजात "डिपॉझिट परत द्याल ना?" असं विचारलेलं नाही, हे बघा. विचारलं की समोरचा सावध होतो. झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायची, रक्कम आकड्यात लिहायची, आणि प्रश्न विचारायचा तो भलताच: कधी येताय? उत्तर देताना माणूस आपोआप आधीच्या वाक्याला मान डोलावतो.

मालक मेसेजला उत्तर न देता फोन करतो, असंही होतं. फोन झाला की लगेच लिहा: "आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे डिपॉझिटचे 30,000 तुम्ही गणपतीत येऊन देताय, तोवर किल्ली काकांकडे ठेवू ना?" त्यावर नुसता अंगठा आला तरी चालेल.

सोडायची तारीख

महिन्याच्या बोलीवर राहत असाल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी पूर्वसूचना लागते. व्यवहारात महिनाभर आधी सांगा, नाहीतर "अचानक सोडलंस, एक महिन्याचं भाडं कापतो" हे ठरलेलं.

तारीख निवडताना मालक गावात कधी असतो ते बघा. इथले मुंबईकर मालक गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. एरवी घर म्हणजे कुलूप आणि काका. त्या दिवसांच्या आसपास घर सोडायचं जमलं तर समोरासमोर हिशोब होतो. मालवण, दापोली, अलिबागसारख्या पर्यटकांच्या ठिकाणी तर मालकालाच खोली मे महिन्याच्या किंवा डिसेंबरच्या सीझनआधी रिकामी हवी असते. त्याला घाई असेल तेव्हा तुमचं डिपॉझिट लवकर सुटतं. लबाडी वाटून घेऊ नका, तो सीझनचे दर लावताना तुमचा विचार करत नाही.

बदलीची ऑर्डर हातात असेल तर अर्थात यातलं काही हातात नसतं. माझं तसंच झालं.

ओल, गंज आणि रंगाचे पैसे

डिपॉझिट पूर्ण बुडवणारे मालक कमीच. निम्मं कापून देणारे भरपूर. आणि कोकणात कापायला कारणं हवा-पाणीच पुरवतं.

घाटावरून आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात धक्काच बसतो. जूनमध्ये भिंत खालून ओली व्हायला लागते, जुलैत रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, दारं फुगून चौकटीत बसत नाहीत. किनाऱ्याजवळ असाल तर खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज आणि कडी-कोयंडे दोन वर्षांत लालभडक होतात. चौकटींना वाळवी लागते, वादळी पावसात कौलं सरकतात. यातलं तुम्ही काहीच केलेलं नसतं.

कायदाही तेच म्हणतो. याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूने घर होतं त्या स्थितीत परत द्यायचं आहे, पण वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीने झालेले बदल वगळून. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांवरचे पत्रे उडाले, 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं. असं नुकसान भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वळतं करता येत नाही. याउलट तुम्ही फोडलेली काच, खिळे ठोकून चाळण केलेली भिंत, मोडलेला नळ, गॅसमागची तेलकट भिंत, हे तुमचं. ते आपणहून कबूल करा. तुम्ही 800 रुपये मान्य केलेत की उरलेल्या 8,000 वर बोलताना तुमच्या शब्दाला वजन येतं.

माझ्या मालकाने वहीच्या पानावर काढलेली यादी अजून माझ्याकडे आहे. रंगकाम 9,000. विहिरीवरची मोटर रिवाइंडिंग 2,800. दोन नळ 700. खिडकीची काच 450. साफसफाई 1,500. एकूण 14,450, म्हणजे हातात येणार होते 15,550.

त्यातली काच मी फोडली होती. एक नळ माझ्या हातून मोडला, दुसरा मी राहायला जाण्याआधीपासून गळत होता आणि तसा मेसेज मी पहिल्याच महिन्यात पाठवला होता. मोटर तीन घरांत सामाईक. रंग मी राहायला जाण्याच्या वर्षभर आधी दिलेला, आणि त्यावर चार पावसाळे गेले होते. साफसफाई मी स्वतः करून निघालो होतो. शेवटी ठरलं ते असं: काच 450, एक नळ 350, मागून आलेलं वीजबिल 1,140, स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी 2,000. कापले 3,940, मिळाले 26,060. त्या 2,000 वर मी आणखी भांडू शकलो असतो. पण गॅसमागची ती भिंत मी बघितली होती, तुम्ही नाही.

तुम्ही काय करायचं? सामान हलवल्यावर, झाडूपोछा झाल्यावर, दिवसाउजेडी एकच सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करा, प्रत्येक भिंत, छप्पर, नळ चालू करून, पंखा-दिवे लावून, खिडक्या उघडबंद करून, शेवटी मीटरचं रीडिंग. त्याच दिवशी तो मालकाला पाठवा, पाठवलेल्याची तारीख राहते. ओल, गळती, वाळवी याबद्दल राहत असतानाच, दिसली त्या आठवड्यात मेसेज टाकायची सवय ठेवा. सोडताना सांगितलेली गळती मालकाला बहाणा वाटते.

वीजबिल मागून येतं, हा एक कायमचा घोळ. मीटरच्या रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून तेवढी कापू द्या आणि विषय संपवा. "बिल आल्यावर बघू" म्हणत अख्खं डिपॉझिट अडकवून ठेवू देऊ नका.

किल्ली

माझी चूक इथे झाली. 31 जुलैला मी किल्ली काकांच्या हातात दिली, काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काळजी करू नको, माणूस खंय पळान जाता?" माणूस पळाला नाही. गणपतीत आला, पाच दिवस राहिला, आणि मी नव्या गावाहून पोचेपर्यंत परत गेला. मग "शिमग्याक बघूया". शिमग्याला आलाच नाही. हिशोब झाला पुढच्या मे महिन्यात, त्याच घराच्या पडवीत, काकांना मध्ये बसवून.

किल्ली आणि पैसे एकाच बैठकीत बदलायला हवेत. मालक येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, हिशोब ठरवा, यूपीआयने पैसे आले की कॉल चालू असतानाच किल्ली काकांकडे द्या. पैसे येत नाहीत म्हणून किल्ली महिनोन्‌महिने स्वतःकडे ठेवणं मात्र अंगलट येतं, कारण ताबा तुमच्याकडे आहे म्हणून भाडं चालूच, असं मालक म्हणणार. फार तर आठवडाभर थांबा. नंतर "पैसे अजून बाकी आहेत, किल्ली आज काकांकडे दिली" असा मेसेज टाकून द्या आणि किल्ली देतानाचा फोटो काढा.

दुसरा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो: शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता डिपॉझिट राहून फेडायचं. सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, हे मी मान्य करतो. पण मालकाची संमती घेऊन करा, "मे आणि जूनचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं ठरलं" असा मेसेज दोन्हीकडून झाल्यावर. परस्पर भाडं थांबवलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता. चिडून मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर तो मात्र त्याचा गुन्हा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 ने त्याला मनाई आहे.

तरीही पैसे येत नाहीत

आधी एक लेखी मागणी. साध्या मराठीत, एक पानभर: कधीपासून कधीपर्यंत राहिलात, डिपॉझिट किती आणि कसं दिलं, किल्ली कधी दिली, कोणती कपात मान्य आहे, किती रक्कम येणे आहे, आणि 15 दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून ठेवा, फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. शिवीगाळ, धमकी, "बघून घेतो" यातलं काही नको. हाच कागद पुढे न्यायाधीश वाचतील.

मालकाचं कुटुंब गावात असेल तर गावातून सांगून बघा. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या काही गावांत अजून जाग्या आहेत. सरपंच, पोलीस पाटील किंवा मालकाच्या वाडीतला वडीलधारा माणूस, कोणाचा शब्द चालतो ते हेरा. चारचौघांत "घाटावरच्या पोराचे पैसे ठेवले" अशी चर्चा व्हावी असं कोणाही मालकाला वाटत नाही. फेसबुकवर नाव टाकून बदनामी मात्र करू नका, उलटी केस तुमच्यावर येईल.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा "हा दिवाणी मामला आहे" हेच ऐकाल, आणि ते बरोबर आहे. धमकी, मारहाण, सामान अडवून ठेवणं असं काही झालं असेल तर गोष्ट वेगळी.

मग तालुका विधी सेवा समिती. तालुक्याच्या कोर्टातच तिचं कार्यालय असतं, जिल्ह्याचं प्राधिकरण रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गनगरीला जिल्हा न्यायालयात. कोर्टात दावा न लावताही "वादपूर्व प्रकरण" म्हणून अर्ज देता येतो. मालकाला नोटीस जाते आणि लोकअदालतीत दोघांना समोरासमोर बसवतात. तडजोड झाली तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी ताकद असते आणि त्यावर अपील नाही. मालक आलाच नाही किंवा अडून बसला तर तिथे काही होत नाही, हेही लक्षात घेऊन जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोटे किंवा कुडाळ एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी हे जरूर विचारावं. मदतीचा फोन क्रमांक 15100.

शेवटी दिवाणी दावा. पैसे देणं लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावायला हवा, म्हणून "पुढच्या गणपतीत" हे तीनदा ऐकून घेऊ नका. खरं सांगायचं तर 10-15 हजारांसाठी तारखांना दुसऱ्या गावाहून येणं परवडत नाही. 50 हजार, लाख अडकले असतील तर लावा. मधल्या रकमांसाठी वकिलाची एक नोटीस पुष्कळदा काम करते. कलम 55 चा उल्लेख असलेलं पाकीट डोंबिवलीच्या पत्त्यावर पोचलं की मालकाच्या मुलांपैकी कोणीतरी ते वाचतं आणि वडिलांना समजावतं.

पैसे मिळाले की

त्याच मिनिटाला मेसेज करा: "दादा, डिपॉझिटचे 26,060 मिळाले. 3,940 कपात मान्य. आता आपला काही हिशोब बाकी नाही." मालकाकडेही तुमच्यासारखाच कागद नसतो, त्यालाही झोप लागली पाहिजे. आणि गॅस कनेक्शन, बँक, आधार यांवरचा त्या घराचा पत्ता बदलून घ्या. माझ्या बँकेची पत्रं अजून काकांकडे जातात आणि काका ती फोटो काढून पाठवतात, खाली "ह्या तुझा हा काय?" असं विचारून.